बर्फाचा नकाशा कसा काढायचा : ध्रुवीय अस्वल आणि अमेरिकेचा २००८ चा निर्णय

२००८ च्या ऑगस्टअखेरीस अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ ध्रुवीय अस्वलाची एक मादी बोफोर्ट समुद्रात उतरली. गळ्यात संशोधकांनी बांधलेला उपग्रहपट्टा, सोबत वर्षभराचे पिल्लू. ती पोहायला लागली आणि नऊ दिवस पोहतच राहिली. अंतर भरले ६८७ किलोमीटर. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज यावा. पाणी दोन ते सहा अंश सेल्सिअसचे, आणि टेकायला वाटेत बर्फाची एक लादीही नाही. त्यानंतरही ती कधी पोहत, कधी बर्फावरून चालत सुमारे १,८०० किलोमीटर फिरली. दोन महिन्यांनी संशोधकांनी तिला पुन्हा गाठले तेव्हा तिचे वजन २२ टक्क्यांनी उतरले होते. पिल्लू सोबत नव्हते.

या मादीला पट्टा बांधला त्याच्या तीनच महिने आधी, १४ मे २००८ रोजी, अमेरिकी सरकारने ध्रुवीय अस्वलाला संकटग्रस्त प्रजाती कायद्याच्या यादीत घेतले होते. केवळ हवामानबदलाच्या धोक्यामुळे इतका मोठा, इतका ओळखीचा प्राणी या यादीत येण्याची ही पहिली मोठी वेळ. या प्रकरणात तोच निर्णय तपासला आहे: तो कसा झाला, कोणत्या वळणावर काय निवडले गेले, काय सोडून दिले गेले. गावांमधल्या माणसांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींची नावे मात्र नोंदीत आहेत, म्हणून येथेही आहेत.

पार्श्वभूमी

ध्रुवीय अस्वलावरचे पहिले संकट बंदुकीचे होते. १९५० आणि ६० च्या दशकांत अलास्कात छोट्या विमानांतून बर्फावर अस्वल हुडकायचे, विमान उतरवायचे आणि गोळी घालायची, असा शौकीन शिकारीचा धंदाच चालू होता. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर चारा लावून आपोआप सुटणाऱ्या बंदुका ठेवत. सोव्हिएत संघाने १९५६ मध्येच शिकार बंद केली होती, पण अस्वलाला देशांच्या सीमा कुठे कळतात? एका देशाच्या बर्फावर वाचलेले अस्वल दुसऱ्याच्या बर्फावर मारले जाई.

१९६५ मध्ये अलास्कातल्या फेअरबँक्सला पाच देशांचे प्रतिनिधी प्रथमच एकत्र बसले. १९७२ मध्ये अमेरिकेने सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा केला. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. नोव्हेंबर १९७३ मध्ये ऑस्लोत कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांनी ध्रुवीय अस्वलांच्या संरक्षणाचा करार केला आणि १९७६ मध्ये तो अमलात आला. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका प्राण्यासाठी एका कागदावर सही करतात, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. विमानातून होणारी शिकार थांबली. इनुपियाट आणि इतर मूलनिवासींच्या उपजीविकेच्या शिकारीला वाट ठेवली गेली. अनेक ठिकाणी अस्वलांची संख्या सावरली.

त्या करारातले दुसरे कलम पुढच्या कथेसाठी महत्त्वाचे आहे. अस्वल ज्या परिसंस्थेचा भाग आहे तिचे रक्षण करण्यासाठी योग्य ती पावले उचलण्याचे बंधन त्यात पाचही देशांनी स्वीकारले होते. तेव्हा कुणाच्या मनात तेल, जहाजे, खाणी असतील. बर्फच नाहीसा होईल असे १९७३ मध्ये कुणाला वाटले असेल, असे मला वाटत नाही.

अडचण

ध्रुवीय अस्वल जमिनीवर दिसते म्हणून आपण त्याला जमिनीचा प्राणी समजतो. त्याचे शास्त्रीय नावच उर्सुस मारिटिमुस, म्हणजे समुद्राचे अस्वल. त्याचे पोट सीलच्या चरबीवर चालते आणि सील पकडायला त्याला बर्फ लागतो. रिंग्ड सील बर्फाला भोके पाडून श्वास घ्यायला वर येतो. त्या भोकाशी अस्वल तासन् तास निश्चल बसते. वसंतात सीलची पिल्ले जन्मतात, तेव्हाचे काही आठवडे म्हणजे अस्वलाची सुगी. त्या दिवसांत अंगावर चढलेल्या चरबीवर वर्षाचा मोठा भाग काढायचा असतो.

अलास्काच्या उत्तरेला किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र अरुंद पट्ट्यासारखा आहे. सील आणि मासे याच उथळ पाण्यात अधिक. उन्हाळ्यात बर्फाची कड या पट्ट्याच्या पलीकडे, खोल समुद्रावर सरकली की अस्वलापुढे दोनच वाटा उरतात. बर्फासोबत जाऊन खोल पाण्यावर उपाशी राहायचे, नाहीतर किनाऱ्यावर येऊन उपाशी राहायचे. दोन्हींच्या मध्ये पोहणे आले. सप्टेंबर २००४ मध्ये देवमाशांची गणती करणाऱ्या विमानातून पाहणाऱ्यांना बोफोर्ट समुद्रात चार मेलेली अस्वले तरंगताना दिसली. ती वादळात बुडाली असावीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

बदल बिळांतही दिसत होता. दक्षिण बोफोर्टमधल्या पट्टे लावलेल्या माद्यांपैकी १९८५ ते १९९४ या काळात ६२ टक्के बिळे तरंगत्या बर्फावर होती; १९९८ ते २००४ या काळात ती ३७ टक्क्यांवर आली. माद्या जमिनीकडे वळू लागल्या होत्या, कारण बर्फ उशिरा धरत होता आणि टिकत नव्हता.

१६ फेब्रुवारी २००५ रोजी, क्योटो करार जगात लागू झाला त्याच दिवशी, सेंटर फॉर बायोलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेने अस्वलाला यादीत घेण्यासाठी अर्ज केला. अमेरिका क्योटो कराराबाहेर होती, म्हणजे हरितगृह वायूंबाबत तिच्यावर त्या कराराचे बंधन नव्हते. मात्र संकटग्रस्त प्रजाती कायदा १९७३ पासून तिच्याच घरात होता. जगभरच्या वाटाघाटींतून जे साधत नाही ते आपल्याच कायद्याच्या एका कलमातून साधावे, हा त्यामागचा विचार उघड होता, आणि म्हणूनच विरोधही तितकाच कडवा झाला.

समोर कोणते पर्याय होते

निर्णय फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने घ्यायचा होता. ती गृह (इंटीरिअर) खात्याच्या हाताखालची; तिकडचे हे खाते पोलिसांचे नव्हे, सरकारी जमिनी आणि वन्यजीव पाहणारे. कायद्यात दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी ‘संकटग्रस्त’: प्रजाती आजच नामशेष होण्याच्या धोक्यात आहे. खालची पायरी ‘धोकाप्रवण’: नजीकच्या, अंदाज बांधता येईल अशा भविष्यात ती संकटग्रस्त होण्याची शक्यता आहे.

पहिला पर्याय, यादीत घ्यायचेच नाही. अलास्का राज्य सरकार याच बाजूचे. त्यांचे म्हणणे असे की शिकारबंदीनंतर अस्वले वाढली आहेत, आज ती हजारोंनी आहेत, आणि पन्नास वर्षांपुढचे भाकीत संगणकी प्रतिमानावर टेकलेले आहे.

दुसरा, थेट संकटग्रस्त म्हणायचे. याने संरक्षण सर्वांत कडक मिळते आणि सूट देण्याची मुभा खात्याला राहत नाही.

तिसरा, धोकाप्रवण म्हणायचे आणि संकटग्रस्त प्रजातीला असतात ती सर्व बंधने जशीच्या तशी लावायची.

चौथा, धोकाप्रवण म्हणायचे, पण कायद्याच्या चौथ्या कलमातल्या ‘ड’ पोटकलमाचा आधार घेऊन अस्वलासाठी वेगळा, सौम्य नियम करायचा.

वरवर पाहता दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्यात फक्त एका शब्दाचा फरक दिसतो. पण ‘ड’ पोटकलमाची सवलत केवळ धोकाप्रवण प्रजातीलाच लावता येते. संकटग्रस्त म्हटले असते तर ते दार आपोआप बंद झाले असते. म्हणजे प्राण्याला कोणत्या नावाने हाक मारायची, यावरच पुढे कुणाला सूट देता येईल हे ठरत होते. वर्तमानपत्रांनी ‘अस्वल यादीत येणार की नाही’ एवढेच विचारले. खरा प्रश्न दोन पाने पुढे होता.

विज्ञान टेबलावर येते

जानेवारी २००७ मध्ये ‘धोकाप्रवण’चा प्रस्ताव अधिकृतपणे प्रसिद्ध झाला आणि त्यावर सहा लाखांहून अधिक हरकती-सूचना आल्या. प्रस्ताव पक्का करण्याआधी खात्याने यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे या सरकारी संशोधन संस्थेकडे अधिक अभ्यास मागितला. स्टीव्हन ॲमस्ट्रप यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने सप्टेंबर २००७ मध्ये नऊ अहवाल दिले. मुख्य निष्कर्ष असा: उत्सर्जन असेच चालू राहिले तर शतकाच्या मध्यापर्यंत जगातली सुमारे दोन-तृतीयांश ध्रुवीय अस्वले नाहीशी होतील, आणि अलास्कातली तर सगळीच.

अहवाल आले त्याच महिन्यात आर्क्टिकमधल्या समुद्री बर्फाने उपग्रह नोंदींतला तोवरचा नीचांक गाठला. प्रतिमानांनी सांगितले होते त्याहून बर्फ वेगाने आटत होता. संगणकावर विश्वास नाही म्हणणाऱ्यांना आता उपग्रहाची छायाचित्रे बघावी लागत होती.

कायद्याने ठरवलेली मुदत जानेवारी २००८ मध्ये संपली. निर्णय आला नाही. याच अवधीत, ६ फेब्रुवारी २००८ रोजी, सरकारने चुकची समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रांचा लिलाव केला आणि त्यात सुमारे २.६६ अब्ज डॉलरच्या बोली लागल्या. चुकची समुद्र म्हणजे अमेरिकी अस्वलांच्या दोन वस्त्यांपैकी एकीचे घर. अस्वल यादीत येण्याआधी लिलाव उरकला, ही गोष्ट पर्यावरण संस्थांना फार लागली आणि त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. क्रम उलटा असता तर लिलावापूर्वी अस्वलांवरच्या परिणामांची औपचारिक सल्लामसलत कायद्यानेच करावी लागली असती.

संस्था न्यायालयात गेल्या. न्यायालयाने १५ मे २००८ ही शेवटची तारीख दिली. १४ मे रोजी गृहसचिव डर्क केम्पथॉर्न यांनी निर्णय जाहीर केला.

काय ठरले

निवड झाली ती चौथ्या पर्यायाची. अस्वल धोकाप्रवण ठरले. ‘अंदाज बांधता येईल असे भविष्य’ म्हणून ४५ वर्षे धरली गेली, म्हणजे अस्वलाच्या तीन पिढ्या. विज्ञान मान्य केले गेले. समुद्री बर्फ आटतो आहे, त्याने अस्वल धोक्यात आहे, हे सरकारने स्वतःच्या शिक्क्याने लिहून दिले. ही गोष्ट लहान नव्हती, कारण त्याच प्रशासनाने सातहून अधिक वर्षे हवामानबदलाबाबत हात आखडता घेतला होता.

त्याच दिवशी ‘ड’ पोटकलमाखालचा विशेष नियमही आला. एखादे काम सागरी सस्तन प्राणी कायद्याखाली परवानगी घेऊन चालू असेल, तर नव्या यादीमुळे त्यावर वेगळे बंधन येणार नाही, असे त्यात म्हटले होते. अलास्काबाहेरच्या कामांतून नकळत होणारी हानीही त्यात बंधनातून वगळली. म्हणजे अलास्कापासून हजारो किलोमीटर दूरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राला अस्वलाचे नाव घेऊन कुणी अडवू शकणार नव्हते. केम्पथॉर्न यांनी भूमिका स्पष्ट केली होती: या यादीचा वापर हवामान धोरण ठरवण्यासाठी होऊ देणार नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गृहखात्याच्या कायदेशीर सल्लागाराने आणखी एक कुलूप लावले. एखाद्या प्रकल्पाचा धूर आणि एखाद्या अस्वलाचे नुकसान यांचा थेट संबंध आजच्या विज्ञानाने जोडता येत नाही, म्हणून अशा प्रकल्पांसाठी सल्लामसलतीची गरज नाही, असे ते मत होते.

हे लिहिताना त्या वेळच्या अधिकाऱ्यांची बाजूही मी समजून घेतो. २००८ मध्ये एका चिमणीचा धूर मोजून त्यातून किती बर्फ गेला हे सांगणे खरोखर अवघड होते. प्रत्येक वीजकेंद्र, प्रत्येक महामार्ग अस्वलाच्या नावाने न्यायालयात खेचला गेला असता तर खाते कागदांखाली गाडले गेले असते. तरीही ‘संबंध दाखवता येत नाही’ असे म्हणून थांबणे वेगळे आणि ‘संबंध शोधायची पद्धत आम्ही तयार करू’ असे म्हणणे वेगळे. खात्याने पहिले केले.

मे २००९ : परत आलेली संधी

प्रशासन बदलले. मार्च २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नव्या गृहसचिवांना एक असाधारण मुभा दिली: साठ दिवसांच्या आत, नेहमीची लांब प्रक्रिया न करता, ते अस्वलाचा विशेष नियम रद्द करू शकत होते. केवळ एका सहीचे काम.

८ मे २००९ रोजी या नव्या सचिवांनी, केन सालाझार यांनी, जाहीर केले की नियम तसाच राहील. संकटग्रस्त प्रजाती कायदा हे हवामानबदल हाताळायचे योग्य साधन नाही, असे त्यांचेही म्हणणे पडले. त्या वेळी काँग्रेसमध्ये उत्सर्जनावर मर्यादा घालणारे स्वतंत्र विधेयक आकार घेत होते आणि तोच योग्य मार्ग आहे, असे सरकारला वाटत होते. ते विधेयक पुढच्या वर्षी सिनेटमध्ये अडकून संपले.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच. २००८ चा निर्णय हवामान-उपायांना विरोध करणाऱ्यांच्या हातचा होता. २००९ चा निर्णय हवामानबदल मानणाऱ्या माणसांनी घेतला. त्यांनी एक साधन खाली ठेवले, कारण दुसरे साधन हाती येणार याची त्यांना खात्री होती. दुसरे आले नाही आणि पहिल्याकडे परत वळायची सोपी वाट तोवर बंद झाली होती.

बर्फाचा नकाशा

यादीत आलेल्या प्राण्यासाठी ‘निर्णायक अधिवास’ आखणे कायद्याने भाग असते. डिसेंबर २०१० मध्ये तो आखला गेला: १,८७,१५७ चौरस मैल, म्हणजे सुमारे ४.८४ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. त्यातला जवळजवळ सगळा, ९५ टक्क्यांच्या वर, समुद्रावरचा बर्फ. उरलेल्यात किनाऱ्यालगतची बिळांची जमीन आणि किनाऱ्यासमोरची अरुंद वाळूची बेटे.

नेहमीचा अधिवास जागेवर राहतो: जंगल, दलदल, नदी. हा अधिवास दर आठवड्याला जागा बदलतो आणि उन्हाळ्यात नकाशातल्या चौकटीच्या बाहेरच निघून जातो. रेषा कागदावर राहते, तिच्या आत पाणी असते. तरीही ही आखणी निरुपयोगी नव्हती. या क्षेत्रात तेलाचे काम काढायचे तर अधिवासाला धक्का बसणार नाही हे आता वेगळे दाखवावे लागणार होते.

तेल उद्योगाच्या संघटना, अलास्का राज्य आणि काही मूलनिवासी संस्थाही न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आखणी रद्द केली. बिळांसाठी आखलेल्या जमिनीपैकी अगदी थोड्या भागातच आवश्यक सगळी लक्षणे दाखवली गेली आहेत, असे एक कारण दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला: कायदा इतकी नेमकी खूण मागत नाही, प्राण्याला जायला-यायला आणि माणसांपासून दूर राहायलाही जागा लागते. आखणी पुन्हा उभी राहिली. पाच वर्षे मात्र गेली.

हा बिळांचा वाद जवळून पाहण्यासारखा आहे. गरोदर मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला नदीच्या दरडीला वाऱ्याने साचलेल्या बर्फात शिरते, आत एक खोली कोरते आणि तोंड बुजून जाते. डिसेंबर-जानेवारीत पिल्ले होतात. एवढ्या प्रचंड प्राण्याचे पिल्लू जन्मताना फक्त सहाशे ग्रॅमच्या आसपास, डोळे मिटलेले, अंगावर जेमतेम लव. मार्च-एप्रिलपर्यंत आई न खाता-पिता त्यांना दूध पाजते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त बर्फाचा एक उंचवटा. तेलाचे साठे शोधणाऱ्या जड गाड्या याच हिवाळी महिन्यांत या भागात फिरतात, कारण तेव्हाच जमीन गोठून टणक असते. नियम सांगतो, ज्ञात बिळापासून एक मैल दूर राहा. पण ज्ञात कसे होणार? विमानातून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पाहण्यांची पडताळणी झाली, तेव्हा प्रत्यक्षात असलेल्या बिळांपैकी निम्म्याहून कमीच कॅमेऱ्याला सापडल्याचे दिसले. न सापडलेल्या बिळाभोवती कुणी एक मैल सोडत नाही.

गावकऱ्यांच्या बाजूने

वॉशिंग्टनमध्ये ही खडाजंगी चालू असताना अलास्काच्या किनाऱ्यावरच्या गावांचे रोजचे प्रश्न वेगळे होते. बार्टर बेटावरचे काकटोविक हे तीनशेहून कमी वस्तीचे इनुपियाट गाव. गावाला वर्षाला तीन बोहेड देवमाशांची शिकार मंजूर आहे. मांस गावात वाटले जाते आणि हाडांचे सांगाडे गावाबाहेरच्या वाळूवर टाकले जातात. बर्फ लांब गेल्याने किनाऱ्यावर अडकलेली अस्वले सप्टेंबरात तिथे डझनावारी जमतात. फासळ्यांना चिकटलेली चरबी ओरबाडताना आईच्या पोटाखालून पिल्लू तोंड घालते. हे दृश्य पाहायला परदेशी पाहुणे येऊ लागले.

गावाने अस्वल-गस्त सुरू ठेवली. रात्री गाडीतून गल्ल्यांमध्ये फेरी, अस्वल दिसले की आधी भोंगा, मग फटाक्यासारखी आवाजी काडतुसे, मग रबरी गोळ्या. शाळेच्या वाटेवर पहाटे एक फेरी हमखास. हे काम यादीने सुचवलेले नव्हते. नॉर्थ स्लोप बरो या अलास्काच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यातल्या गावांनी आपल्या गरजेतून उभे केले होते. जाणकार म्हाताऱ्यांचे एक म्हणणे ऐकून घ्यावे असे आहे: आम्हाला अस्वल कळते ते पिढ्यान् पिढ्या, आणि निर्णय मात्र विमानाने येणारे घेतात. अस्वलाला धोकाप्रवण ठरवतानाही कायद्याने त्यांची उपजीविकेची शिकार कायम ठेवली, हे बरे झाले. रशियाशी २००० मध्ये झालेला करार २००७ मध्ये अमलात आला आणि चुकची समुद्रातल्या सामाईक वस्तीसाठी २०१० मध्ये वर्षाला ५८ अस्वलांची मर्यादा ठरली, दोन्ही बाजूंना सारखा वाटा. २०१८ मध्ये ती ८५ झाली, कारण ती वस्ती तेव्हा धडधाकट आढळली. या निर्णयात मूलनिवासींचे प्रतिनिधी मतदार म्हणून बसले होते. मला वाटते, यादीच्या प्रक्रियेपेक्षा हा नमुना जास्त शहाणपणाचा आहे.

धोका कागदी नाही. जानेवारी २०२३ मध्ये अलास्काच्या पश्चिम टोकावरच्या वेल्स गावात शाळेजवळ अस्वलाने एका तरुण आईला आणि तिच्या तान्ह्या मुलाला ठार केले. अलास्कात अशी जीवितहानी तीन दशकांहून अधिक काळाने झाली होती. त्या दिवशी वादळी वाऱ्याने काही दिसत नव्हते. छोट्या गावांत पगारी गस्त टिकवायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यानंतर पुन्हा उभा राहिला.

परिणाम

यादीवरचे खटले एकेक करून संपले. उद्योग म्हणे यादी नको, संस्था म्हणत ‘संकटग्रस्त’च हवे. मार्च २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ‘धोकाप्रवण’ हाच निर्णय उचलून धरला. विशेष नियमाच्या वेळी पर्यावरण परिणामांचा आढावा घेतला नव्हता, असे २०११ मध्ये एका न्यायाधीशांनी ठरवले, पण २०१३ मध्ये खात्याने आढावा घेऊन बराचसा तोच नियम पुन्हा आणला.

लगेच दिसलेला परिणाम एकच: कॅनडात शिकार केलेल्या अस्वलांची कातडी आणि मुंडकी अमेरिकेत आणणे बंद झाले. शिकारी पाहुण्यांवर पोट चालणाऱ्या कॅनडातल्या काही इनुइट गावांना त्याचा फटका बसला, अमेरिकी उत्सर्जनाला काहीच नाही. हे वाचून अस्वस्थ व्हायला होते.

अस्वलांचे काय? दक्षिण बोफोर्टमध्ये २००१ ते २०१० या काळात संख्या घटून सुमारे ९०० वर आली. सर्वांत वाईट काळ २००४ ते २००६ चा. अलास्काच्या भागात २००४ ते २००७ मध्ये नोंदलेल्या ८० पिल्लांपैकी फक्त दोन जगल्याचे माहीत आहे. शेजारच्या चुकची समुद्रात मात्र उथळ, सुपीक पाण्यामुळे सुमारे २,९०० अस्वले बऱ्या तब्येतीत आढळली. एकाच देशाच्या किनाऱ्यावरच्या या दोन वस्त्यांची स्थिती इतकी वेगळी असताना ‘अस्वले वाढली’ किंवा ‘अस्वले संपली’ असे सरसकट बोलणारा माणूस एकाच वस्तीबद्दल बोलत असतो.

जानेवारी २०१७ मध्ये फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने अस्वलाचा संवर्धन आराखडा काढला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की आर्क्टिकची तापमानवाढ रोखणे हेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि ते या खात्याच्या हातात नाही. हाती असलेल्या गोष्टी म्हणजे गस्त, बिळांचे रक्षण, शिकारीचा हिशोब, तेलगळतीची तयारी. तोवर वेळ काढायचा.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट क्रमाची. जानेवारी २००८ ची मुदत पाळली असती, तर चुकची समुद्राचा लिलाव यादीनंतर आला असता. हे विज्ञानाचे नव्हते, कॅलेंडरचे काम होते.

दुसरी, विशेष नियमाला मुदत घालायची. संबंध आज जोडता येत नाही म्हणता ना, मग दर पाच वर्षांनी विज्ञान पुन्हा तपासू, असे एक वाक्य नियमात पुरेसे होते. कायमचे कुलूप लावायची गरज नव्हती. मे २००९ मध्येही पूर्ण रद्द किंवा पूर्ण कायम या दोनच टोकांत निवड करण्याऐवजी हे करता आले असते.

तिसरी, गावांच्या गस्तीला यादीबरोबरच कायमचा निधी. नॉर्वेत स्वालबार्डवर अस्वलाच्या मागे जाणे, त्याला चारा दाखवणे गुन्हा आहे आणि २०२५ पासून वर्षभर किमान ३०० मीटर, मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर अंतर राखावे लागते. वस्तीबाहेर पडणाऱ्याला अस्वलापासून बचावाची तयारी ठेवावी लागते. न्यू-ओलेसुंद इथल्या ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्रावर, जे गोव्याच्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते, जाणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांनाही हे नियम लागू आहेत. तिथे माणसाच्या वागण्याचा नियम आधी येतो. अलास्कातल्या गावांना तो खर्च आपल्या तुटपुंज्या पैशांतून उचलावा लागला.

चौथी गोष्ट शास्त्रज्ञांनीच करून दाखवली, पंधरा वर्षांनी. २०२३ मध्ये ॲमस्ट्रप आणि सहकारी सेसिलिया बिट्झ यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात अस्वलाच्या उपवासाचे दिवस आणि जगातले साठलेले उत्सर्जन यांचा हिशोब मांडला. चुकची समुद्रातल्या अस्वलांना १९७९ मध्ये बर्फाविना वर्षाला सुमारे १२ दिवस काढावे लागत. २०२० मध्ये ते १३७ झाले. दर १,४०० कोटी टन उत्सर्जनामागे उपवासाचा एक दिवस वाढतो. अमेरिकेतल्या शेकडो वीजकेंद्रांच्या तीस वर्षांच्या धुराने दक्षिण बोफोर्टमध्ये पिल्ले जगण्याचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी घटेल, असेही त्यांनी काढून दाखवले. एका ठरावीक धुराचा आणि अस्वलाच्या पोटाचा हा संबंध जोडता येत नाही, याच एका वाक्यावर ऑक्टोबर २००८ चे ते कायदेशीर मत उभे होते.